जुनी गाणी चालतात, मग बातमी का नाही?
गावातल्या छोट्या एफएमवर दिवसभर जुनी गाणी लागतात. आपण म्हणतो, करमणूक आहे, त्यात काय! पण याच गाण्यांनी एकदा दिल्लीला वळायला लावलंय.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं! त्याच डिसेंबरात तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

१९९५ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. पण नगरपालिकेत काल काय ठरलं, याची स्वतःची बातमी ना त्याला देता येते, ना खासगी एफएमला. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या.

तेव्हा गाणं कुठलं ऐकायचं ते दिल्लीत ठरायचं, आता बातमी कुठली ते. फरक एवढाच, तेव्हा काटा फिरवायला सिलोन तरी होतं.