मॅक्सक्लायंट्स १५० : एका फाइलीतील आकड्यांचा इतिहास

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ जुन्या दप्तरातील जमाखर्चाचा कागद हाती आला, की अभ्यासक प्रथम आकडे वाचतो. किती घोडी, किती धान्य, किती दिवसांचा मुक्काम, यांवरून त्या काळाची ऐपत आणि धास्ती दोन्ही कळतात. वेब सर्व्हरच्या जगातही असे एक दप्तर आहे : अपाचे सर्व्हरची 'एचटीटीपीडी डॉट कॉन्फ' ही फाइल.

२/ एकाच वेळी किती लोकांना आत घ्यायचे, गप्प बसलेल्या पाहुण्याची वाट किती सेकंद पाहायची, किती सेवक हाताशी ठेवायचे, हे सारे या फाइलीत लिहिलेले असते. त्यातील प्रत्येक आकड्यामागे एखादा प्रसंग आहे. हा धागा त्या आकड्यांचा.

३/ आरंभ स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत. १९९० च्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर एका नेक्स्ट संगणकावर चालवला. हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये, अशी लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. वेबची सारी व्यवस्था तेव्हा त्या एका चिठ्ठीवर सुरक्षित होती.

४/ ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅक्कूल यांचा 'एनसीएसए एचटीटीपीडी' सर्व्हर आकाराला आला. 'मोझेक' ब्राउझरही याच केंद्राचा. सर्व्हर लवकरच लोकप्रिय झाला.

५/ त्या पिढीतील सर्व्हर चालवण्याची एक रीत अशी : विनंती आली की 'आयनेटडी' नावाचा द्वारपाल सर्व्हरची नवी प्रत सुरू करी. ती प्रत सारी फाइल पुन्हा वाची, एक पान देई आणि संपून जाई. दिवसाला शेकडो वाचक असतील तोवर हे खपून गेले. गर्दी वाढली तसे पान देण्यापेक्षा तयारीतच यंत्र दमू लागले.

६/ १९९४ च्या मध्यास मॅक्कूल यांनी एनसीएसए सोडले आणि सर्व्हरचे काम थंडावले. ठिकठिकाणचे वेबमास्तर आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे 'पॅच', स्वतःच लावत होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेलेनडॉर्फ आणि क्लिफ स्कॉलनिक यांच्या पुढाकाराने ही मंडळी एकत्र आली. एनसीएसएची १.३ आवृत्ती पाया धरून एप्रिलमध्ये अपाचेची पहिली सार्वजनिक आवृत्ती, ०.६.२, निघाली.

७/ मात्र ठिगळांनी जुने वस्त्र किती काळ टिकणार? रॉबर्ट थाऊ यांनी नवी रचना आखली. तिला सांकेतिक नाव दिले होते 'शांभाला'. त्या रचनेवरील ०.८.८ ही आवृत्ती ऑगस्ट १९९५ मध्ये आली. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या १५ तारखेला विदेश संचार निगमने भारतातील सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

८/ थाऊ यांच्या रचनेतील कळीची कल्पना होती 'प्री-फोर्क'. पाहुणा आल्यावर सेवक शोधण्याऐवजी काही सेवक आधीच उभे ठेवायचे. फाइलीत त्याचे आकडे आले : स्टार्टसर्व्हर्स ५, मिनस्पेअरसर्व्हर्स ५, मॅक्सस्पेअरसर्व्हर्स १०. म्हणजे आरंभी पाच प्रोसेस. मोकळ्या प्रोसेस पाचांहून कमी नकोत, दहांहून अधिक नकोत.

९/ पंगतीत वाढपी ठरवताना यजमान जो हिशेब करतो, तोच हा. वाढपी कमी पडले तर पान रिकामे राहते. फार झाले तर पंगतीत त्यांचीच दाटी होते. अपाचे १.० आवृत्ती १ डिसेंबर १९९५ रोजी आली आणि १९९६ च्या वसंतात नेटक्राफ्टच्या पाहणीत अपाचेने एनसीएसएला मागे टाकले.

१०/ तरीही एक उणीव होती. सेवक कमी पडले, की अपाचे सेकंदाला एकच नवी प्रोसेस निर्माण करी. एकदम १०० वाचक आले आणि पाचच सेवक हजर असले, तर उरलेले ९५ उभे राहण्यास ९५ सेकंद! अपाचे १.३ मध्ये हा नियम बदलला : आधी १, मग २, मग ४, अशी दुप्पट होत सेकंदाला ३२ पर्यंत मजल.

११/ आता शीर्षकातील आकडा. अपाचे १.३ च्या मूळ फाइलीत 'मॅक्सक्लायंट्स १५०' असे लिहिलेले असे. १५१ वा वाचक रांगेत. हा आकडा वाढवता येई, पण युनिक्सवर २५६ पर्यंतच. ती मर्यादा सॉफ्टवेअरच्या आत कोरलेली होती. ती ओलांडायची तर अपाचे पुन्हा कंपाइल करावे लागे.

१२/ इतकी काटकसर कशासाठी? समजा, एक प्रोसेस १० एमबी मेमरी घेते आणि यंत्रात सर्व्हरसाठी ५०० एमबी मोकळी आहे. मग ५० प्रोसेस सुखाने चालतील. आकडा १५० ठेवला, तर गर्दीच्या वेळी मागणी १,५०० एमबीवर जाईल, यंत्र डिस्कला मेमरी समजून वापरू लागेल आणि प्रत्येक पान रखडेल.

१३/ पान रखडले की वाचक पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि गर्दी आणखी वाढते. उदार आकडा लिहिणारा व्यवस्थापक असा सर्वांनाच उपाशी ठेवतो. काहींना क्षणभर थांबवून उरलेल्यांना वेळेवर वाढणे, हे या मर्यादेचे खरे काम.

१४/ दुसरी ओळ : 'होस्टनेमलुकअप्स'. अपाचे १.२ पर्यंत ती मुळातच चालू असे. आलेल्या प्रत्येक वाचकाच्या यंत्राचे नाव सर्व्हर डीएनएसला विचारी, म्हणजे नोंदवहीत अंकांऐवजी नावे दिसत. त्या उत्तरासाठी विनंती खोळंबे. १.३ मध्ये ही ओळ मुळातच बंद झाली. लहान गावात प्रत्येकाची विचारपूस शक्य असते, शहरात नाही.

१५/ तिसरी ओळ : 'कीपअलाइव्ह'. एका पानात दहा चित्रे असली, तर पूर्वी दहा वेळा नव्याने जोडणी करावी लागे. एचटीटीपी १.१ ने (जानेवारी १९९७) जोडणी उघडी ठेवण्याची रीत रूढ केली. अपाचेत त्यासाठी कीपअलाइव्ह-टाइमआउट १५ सेकंद होता.

१६/ इथे पेच पडला. पान मिळालेला वाचक निवांत वाचत बसतो आणि त्याच्यासाठी एक संपूर्ण प्रोसेस १५ सेकंद हात बांधून उभी राहते. असे १५० वाचक जमले की सर्व्हर भरला! प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा. पुढे अपाचे २.२ मध्ये हा काळ ५ सेकंदांवर आला, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

१७/ १९९९ मध्ये दोन घटना घडल्या. पहिली : एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने माइंडक्राफ्ट या कंपनीने केलेली चाचणी. वेब सर्व्हर म्हणून विंडोज एनटी हे लिनक्स-अपाचेच्या ३.७ पट वेगवान असल्याचा तिचा निष्कर्ष होता. लिनक्सची मांडणीच नीट केली नव्हती, असा गदारोळ उठला.

१८/ जूनमध्ये लिनक्सच्या जाणकारांच्या उपस्थितीत चाचणी पुन्हा झाली. अंतर घटले, पण एनटी पुढेच राहिले. मग कर्नेलकर्त्यांनी दोष आपल्या घरात शोधला. अनेक प्रोसेसर असूनही नेटवर्कचे काम एकाच कुलपापाशी अडत होते. एक विनंती आली की झोपलेल्या साऱ्या प्रोसेस एकदम जाग्या होत. जानेवारी २००१ मधील लिनक्स २.४ ने यात मोठी सुधारणा केली. पराभवाच्या कागदाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल.

१९/ दुसरी घटना : डॅन केगेल यांनी मांडलेला 'सी-१०-के' प्रश्न. एका यंत्राने एकाच वेळी १०,००० वाचक का सांभाळू नयेत? यंत्राची ताकद पुरेशी होती. दर माणशी एक प्रोसेस ही रीत आड येत होती.

२०/ उत्तर रशियातून आले. रॅम्बलर या संकेतस्थळाचे व्यवस्थापक इगोर सिसोएव्ह यांनी आधी अपाचेसाठी 'मॉड-ॲक्सेल' लिहिले होते. २००२ मध्ये त्यांनी नवा सर्व्हर हाती घेतला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो खुला केला : एनजिनएक्स.

२१/ एनजिनएक्समध्ये प्रोसेसरच्या गाभ्यांइतकेच सेवक पुरतात. प्रत्येक सेवक हजारो जोडण्यांवर नजर ठेवतो आणि ज्या जोडणीत काही घडले तिच्याकडेच वळतो. वाचत बसलेल्या वाचकाचा भार अगदी थोडा. फाइलीतील आकडेही बदलले : 'वर्कर प्रोसेसेस' आणि 'वर्कर कनेक्शन्स'.

२२/ जुन्या रीतीचा धोका २००९ मध्ये 'स्लोलॉरिस'ने उघडा केला. विनंती अर्धवट पाठवायची, मग तिचा एकेक तुकडा सावकाश सोडत राहायचे. अपाचेच्या साऱ्या प्रोसेस वाट पाहत अडकतात. एक साधा संगणक मोठा सर्व्हर गप्प करू शकत होता.

२३/ अपाचेही थांबले नाही. २००२ च्या २.० आवृत्तीत प्रोसेस-व्यवस्था बदलता येऊ लागली. फेब्रुवारी २०१२ च्या २.४ मध्ये 'इव्हेंट' पद्धत पक्की झाली. तीत निवांत जोडण्या एका वेगळ्या धाग्याकडे सोपवल्या जातात आणि सेवक मोकळा होतो.

२४/ त्याच २.४ मध्ये मॅक्सक्लायंट्सचे नाव 'मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स' झाले. जोडलेला वाचक आणि राबणारा सेवक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सतरा वर्षांच्या अनुभवाने शिकवले होते. जुने नाव मात्र अपाचेने अमान्य केले नाही. कुणी आजही 'मॅक्सक्लायंट्स' लिहिले, तर सर्व्हर ते समजून घेतो.

२५/ म्हणून एखाद्या जुन्या यंत्रावर ही फाइल दिसली, तर पुसण्याआधी वाचावी. २५६ ची भिंत, १५ सेकंदांची वाट, पाच राखीव सेवक : प्रत्येक आकडा कुणीतरी गर्दीच्या ऐन वेळी सोसून लिहिलेला आहे. तो आज लागू आहे की नाही, हे ठरवण्यासाठी तो तेव्हा का लिहिला गेला हे ठाऊक असावे लागते.

लेखनसीमा.