आकड्यापासून चेनपर्यंत

शाळेच्या गणवेशात सर्वात आधी काय बिघडते? कापड विटण्यापूर्वी आणि गुडघा फाटण्यापूर्वी बहुधा पँटची चेन बिघडते. मग मूल दप्तर मांडीवर घेऊन बसते आणि फळ्याजवळ बोलावले तरी उत्तर येत असूनही उठत नाही. मुलीच्या स्कर्टची बाजूची चेन सुटली तर ती सेफ्टी पिन लावते आणि मैदानावर जायचे टाळते. वस्तू काही रुपयांची आहे, पण ती बिघडली की मुलाचा अख्खा दिवस बिघडतो. या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूला नीट काम करायला शिकवण्यात माणसाची पन्नासहून अधिक वर्षे गेली आहेत. तो इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. त्यात यंत्रशास्त्र आहे, वस्त्रशास्त्र आहे आणि थोडे आपल्या यवतमाळचेही आहे.

नाडीच्या देशात चेन

आपल्या जुन्या पोशाखाला चेनची गरजच नव्हती. धोतराचा कासोटा खोचला की झाले. लुगड्याच्या निऱ्या खोचल्या जात आणि परकराला नाडी असे. नाडीचा एक मोठा गुण म्हणजे पोट वाढो की कमी होवो, ती जुळवून घेते. पाटलोण आणि स्कर्ट मात्र मापाने शिवतात. कमरेला घट्ट आणि नितंबावर रुंद असा कपडा अंगात चढवायचा तर त्याला एक फट ठेवावी लागते आणि नंतर ती फट बंद करावी लागते. हे काम पूर्वी काज-बटणे किंवा हूक करीत. बटणाला दोन अडचणी आहेत. एकेक करून लावायला वेळ लागतो आणि दोन बटणांच्या मधली जागा खाली बसताच फाकते.

सलग बंद होणारी पट्टी करावी ही कल्पना शिवणयंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या एलियास हाऊ या अमेरिकन संशोधकाने मांडली. त्याने १८५१ साली तिचे पेटंटही घेतले, पण पुढे काही केले नाही. शिवणयंत्राचे काम त्याला पुरेसे होते.

जडसनचे आकडे

१८९३ साली शिकागोच्या व्हिटकॉम्ब जडसनने आकडे आणि कड्या यांची एक रांग तयार केली. एक सरकती पट्टी ओढली की आकडे एकामागून एक कड्यांत अडकत. सुरुवातीला ही युक्ती बुटांसाठी होती. १९०५ च्या सुमारास त्याच्या कंपनीने पाटलोण आणि स्कर्टसाठी सुधारलेला प्रकार विकायला काढला. नावातच ‘सुरक्षितता’ सुचवली होती. प्रत्यक्षात मात्र माणूस खाली बसला किंवा वाकला की आकडे सुटत आणि भर सभेत कपडा उघडा पडे. शिवाय धातू गंजत असल्याने धुण्यापूर्वी पट्टी उसवून काढावी लागे आणि नंतर पुन्हा शिवावी लागे.

योगायोग असा, की याच १९०५ साली वऱ्हाडातील वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ जिल्हा असे झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात रेल्वेही वऱ्हाडात पोचली. येथून कापूस जाई आणि परदेशातून तयार कापड येई. त्या कापडाचा कपडा अंगावर नीट बंद कसा राहील, या प्रश्नाशी दूर अमेरिकेत एक छोटी कंपनी झुंजत होती.

जडसनचे आकडे का सुटत? आकडा एकाच बाजूने अडकतो. पट्टी सरळ असेपर्यंत तो ताण सोसतो, पण पट्टी वाकली की आकड्याची दिशा बदलते आणि तो कडीतून निसटतो. कमर हा तर सतत वाकणारा भाग. थोडक्यात, वाकण्याची सर्वाधिक शक्यता असलेल्या जागी वाकताच सुटणारी रचना बसवली होती.

सुंडबॅकचे दोन प्रयत्न

१९०६ साली या कंपनीत गिडिऑन सुंडबॅक हा स्वीडनमध्ये जन्मलेला विद्युत अभियंता नोकरीस लागला. १९११ साली त्याची पत्नी वारली. पुढच्या काळात त्याने स्वतःला या एका प्रश्नात बुडवून घेतले.

१९१२ साली त्याने आकडे काढूनच टाकले. एका कापडी फितीची कड मण्यासारखी जाड केली आणि दुसऱ्या फितीवर धातूचे चिमटे बसवले. रनर ओढला की चिमटे त्या जाड कडेला पकडत. वाकवले तरी ही पट्टी सुटत नसे. पण धातूचे चिमटे कापडाला पुन:पुन्हा चावत राहिले आणि थोड्याच वापरात कड झिजून गेली. एक दोष घालवताना दुसरा दोष जन्माला आला.

१९१३ साली त्याने उत्तर शोधले. दोन्ही फितींवर अगदी एकसारखे धातूचे दात बसवायचे. प्रत्येक दाताच्या एका अंगाला छोटा उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला तसाच खळगा. एका दाताचा उंचवटा समोरच्या दाताच्या खळग्यात बसतो, त्याचा उंचवटा पुढच्या दाताच्या खळग्यात, अशी साखळी तयार होते. आता कापडाला कोणी चावत नव्हते, धातू धातूला धरत होता. जुन्या पट्टीवर एका इंचात चार आकडे असत. सुंडबॅकने दातांची संख्या इंचाला दहा-अकरापर्यंत नेली. या रचनेचे पेटंट त्याला १९१७ साली मिळाले.

इतके बारीक आणि अगदी सारखे दात हाताने करणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याने यंत्रही तयार केले. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या छेदाची तार यंत्रात जाई. यंत्र तिचे तुकडे पाडी, त्यावर उंचवटा-खळगा ठोके आणि प्रत्येक तुकडा फितीच्या कडेवर दाबून बसवी. तारेचा आकारच दाताचा असल्याने कचरा जवळजवळ होत नसे. आमच्या मते हे यंत्र चेनइतकेच महत्त्वाचे आहे. दात एकसारखे आणि समान अंतरावर नसतील तर उत्तम कल्पनाही बिनकामाची ठरते.

पहिल्या महायुद्धात खलाशांच्या पैशांच्या पट्ट्यांना ही चेन लागली. १९२३ साली गुडरिच कंपनीने ती रबरी बुटांना लावली आणि ओढताना होणाऱ्या आवाजावरून ‘झिपर’ हे नाव रूढ केले. पाटलोणींपर्यंत तिचा सर्रास प्रवेश व्हायला १९३० चे दशक उजाडावे लागले. आधीच्या चेनने लोकांची फजिती केली होती, ती शिंपी आणि गिऱ्हाईक दोघेही विसरले नव्हते.

रनरच्या पोटात काय आहे?

बंद चेन दोन्ही बाजूंनी ओढून पाहा, ती सहज उघडत नाही. मग रनर दोन बोटांच्या जोराने ती कशी उघडतो? रनरच्या पोटात ‘वाय’ आकाराचा बोगदा असतो. वरच्या दोन वाटा जेथे मिळतात तेथे एक पाचर असते. चेन उघडताना ही पाचर दातांच्या मधे घुसते आणि त्यांना बाजूला सारते. चेन लावताना रनरच्या आत वळलेल्या दोन्ही भिंती दातांना एकमेकांकडे ढकलतात. पाचर म्हणजे उतरण. लाकूड फोडताना पाचर जे करते तेच येथे घडते. रनर लांब अंतर सरकतो, दात थोडेसेच हलतात, म्हणून कमी बळात काम होते.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. बोगद्याच्या वाटा वक्र असतात. फीत वक्र झाली की तिच्या कडेवरचे दात पंख्यासारखे फाकतात आणि त्यांच्यातील फट रुंदावते. त्या क्षणी समोरचा दात आत शिरतो. रनर पुढे गेला की फीत सरळ होते, फट आवळली जाते आणि दात अडकतो. आकड्यांच्या रचनेत वाकणे हा शत्रू होता. सुंडबॅकने वाकणे रनरच्या आत कोंडले आणि त्याच्याकडूनच काम करून घेतले.

पाटलोणीसाठी आणखी एक सुधारणा आवश्यक होती. रनर आपोआप खाली घसरता कामा नये. त्यासाठी रनरमध्ये एक बारीक खिट्टी बसवतात. ओढायची दांडी खाली पाडली की खिट्टी दातांच्या मधे रुतते, दांडी उचलली की ती वर येते. दप्तराच्या चेनला ही खिट्टी बहुधा नसते. म्हणून दप्तराचा रनर पँटला लावला तर चेन चालता चालता उघडते.

चेन सुधारली, पण कापडाचे काय?

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ली या अमेरिकन कंपनीने जीन्सला चेन लावली. लिव्हायसने मात्र आपल्या ५०१ या जीन्सला बटणेच ठेवली आणि १९५४ साली तिची चेनवाली आवृत्ती काढली. या उशिरामागे एक शास्त्रीय अडचण होती. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, धातूचे दात आटत नाहीत. न आटवलेले डेनिम शेकडा सात ते दहाही आटू शकते. चेन १८ सेंटिमीटरची असेल आणि कापड शेकडा दहा आटले, तर १.८ सेंटिमीटरचा फरक पडतो. मग चेन सापासारखी वळवळते, दात तिरके होतात आणि रनर अडतो.

याला उत्तर मिळाले ते कापडाच्या कारखान्यात. १९३० च्या सुमारास सँफर्ड क्लुएट याने कापड आधीच आटवण्याची रीत काढली. ओलसर कापड जाड रबरी पट्ट्यावर दाबून नेतात. रूळावरून वळताना पट्ट्याची वरची बाजू ताणली जाते, पुढे ती आकसते आणि आपल्याबरोबर कापडालाही आकसवते. त्याच्याच नावावरून या क्रियेला ‘सॅनफोरायझिंग’ म्हणतात.

येथे आपण पुन्हा यवतमाळला येतो. डेनिमला जाड सूत लागते आणि त्यासाठी फार लांब धाग्याचा कापूस आवश्यक नसतो. १९९६ साली रेमंड कंपनीचा डेनिमचा कारखाना यवतमाळजवळ लोहारा औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. २००६ साली त्यात बेल्जियमच्या युको कंपनीची भागीदारी झाली. ज्या जिल्ह्यातून पूर्वी नुसता कापूस बाहेर जाई, तेथे जगाच्या बाजारपेठेसाठी जीन्सचे कापड विणले जाऊ लागले. जाड सुती कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘डंगरी’ हा शब्ददेखील मुंबईच्या डोंगरीवरून गेला असे मानतात. चेनचा दात कितीही उत्तम असला तरी तो नीट बसतो की नाही, हे कापड विणणाराही ठरवत असतो.

नायलॉन आले

१९३४ साली टोकियोत तादाओ योशिदा यांनी चेनचा व्यवसाय सुरू केला. तीच पुढे वायकेके कंपनी झाली. १९५० साली त्यांनी अमेरिकेहून चेन तयार करणारे यंत्र आणले आणि पुढे पितळ, फीत व यंत्रे स्वतःच करण्यावर भर दिला. दर्जा राखायचा तर प्रत्येक टप्पा हाती हवा, हे सुंडबॅकचेच सूत्र.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि पुढे पॉलिस्टरच्या चेनी आल्या. यांत सुटे दात नसतात. एकच जाड तंतू स्प्रिंगसारखा गुंडाळून फितीवर शिवलेला असतो आणि त्याचे वेढे एकमेकांत अडकतात. अशी चेन गंजत नाही, हलकी असते आणि सहज वळते. एखाद्या ठिकाणी सुटली तर रनर मागे-पुढे करून बहुधा पुन्हा बसते. धातूच्या चेनचा एक दात निखळला की ती गेलीच. वेढे आतल्या बाजूला वळवून बाहेरून न दिसणारी चेनही करता येते. स्कर्टला ती शोभते. मात्र सुती कापडासाठी तापवलेली इस्त्री थेट लागली तर नायलॉनचे वेढे मऊ होऊन विद्रूप होतात.

वर्गात करून पाहा

१. भिंगाखाली धातूची आणि नायलॉनची चेन पाहा. अडीच सेंटिमीटरमध्ये किती दात किंवा वेढे आहेत ते मोजा.

२. कोऱ्या सुती कापडावर आणि पॉलिस्टरच्या फितीवर २० सेंटिमीटर अंतराच्या खुणा करा. दोन्ही गरम पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. आटण्याची टक्केवारी काढा.

३. रनर ताणकाट्याने ओढा. चेनला मेण किंवा पेन्सिलीचे शिसे घासून पुन्हा ओढा. घर्षण किती कमी झाले ते नोंदवा.

४. रनर सरकतो पण मागे दात बसत नाहीत, अशी चेन आणा. बहुधा दात शाबूत असतात, झिजून फाकलेला असतो तो रनर. त्याची मागची दोन्ही टोके पक्कडीने हलकेच दाबा. बऱ्याच वेळा चेन लागू लागते.

शाळा व्यवस्थापन समितीकडे गणवेशाचे काम येते तेव्हा कापडाचा रंग आणि भाव यांवर चर्चा होते, चेनचा विषय निघत नाही. तो काढावा असे आम्ही सुचवतो. कापड आधी आटवलेले आहे का? रनरला खिट्टी आहे का? चेनच्या तळाशी घट्ट आडवी शिवण आहे का? वर हूक किंवा बटण पक्के आहे का? कमरेचा आडवा ताण खरे तर त्या बटणाने सोसायचा असतो. ते तुटले की सगळा भार रनरवर येतो. लहान मुलांसाठी आणि बोटांत जोर नसलेल्या मुलांसाठी दांडीत एक कडी ओवली तर त्यांना कोणाची मदत मागावी लागत नाही.

एवढे चार प्रश्न विचारले तर खर्च फारसा वाढत नाही, आणि फळ्याजवळ बोलावलेले मूल बिनधास्त उठून येते.