उष्णतेतून वीज देणारी छापील पट्टी

दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवल्यास मंडलातून वीज वाहते. हा परिणाम थॉमस सीबेक यांना १८२१ मध्ये बर्लिन येथे आढळला. जवळची चुंबकसूची हलल्याने त्यांनी ते चुंबकत्व मानले. ती वीज आहे हे ओळखले डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी. याच तत्त्वावरील जनित्रांनी १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांना चार दशकांहून अधिक काळ ऊर्जा पुरविली आहे.

नेहमीच्या तापमानाला या कामी बिस्मथ टेल्युराइड हा अर्धसंवाहक सरस ठरतो. मात्र तो ठिसूळ असतो. शिवाय त्याच्या एका तुकड्यातून दर अंशामागे सुमारे २०० मायक्रोव्होल्ट इतकेच विभवांतर मिळते. तापमानातील फरक ५ अंश असेल, तर १ व्होल्टसाठी असे १००० तुकडे एकसर जोडणे आले. छपाईचे महत्त्व येथे आहे. या पदार्थाची पूड बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) कालवून शाई केली, की लग्नपत्रिका छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगने हजारो ठिपके एका दमात उमटविता येतात. दक्षिण कोरियातील ‘काइस्ट’ संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये काचतंतूंच्या कापडावर अशी छपाई करून वाकविता येणारे जनित्र तयार केले.

शाईतील बहुवारिक मात्र दुधारी असते. ते उष्णता अडविते, हे हवेच असते. पण कणाकणांमधील विजेची वाटही तेच अडविते. त्यामुळे वीजवाहक बहुवारिकांकडे लक्ष वळले. पदार्थाची उष्णतेतून वीज देण्याची योग्यता एका गुणांकाने मोजतात. बिस्मथ टेल्युराइडचा गुणांक सुमारे १ आहे. ‘पेडॉट’ या बहुवारिकाचा स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात २०११ मध्ये ०.२५, तर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात २०१३ मध्ये ०.४२ नोंदला गेला.

खरी अडचण आहे ती पातळपणाची. काही मायक्रॉन जाडीच्या थरातून उष्णता क्षणात आरपार जाते, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच तापतात. मग तापमानात फरकच उरला नाही, तर वीज कसली? जाड थर छापणे किंवा लांब पट्ट्या छापून त्यांची गुंडाळी उभी ठेवणे, हे त्यावरील उपाय होत. तरीही त्वचा ३३ अंश व हवा २५ अंश सेल्सियस असताना तत्त्वतःच कमाल कार्यक्षमता २.६ टक्के, प्रत्यक्षात हाती येतो तो त्याचाही लहानसा अंश. अंगाच्या उबेवर मोबाइल चार्ज करण्याच्या गप्पा त्यामुळे फोल ठरतात. नाडीचे ठोके मोजणारा संवेदक किंवा कारखान्यातील वाफेच्या नळावरील तापमापक बॅटरीविना चालविणे, एवढे काम मात्र या पट्टीच्या आवाक्यातले आहे.