किल्ल्यावरचा मावळा आणि असईचा शिपाई

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा साच्यातून निघतो. वाळला, भाजला की त्याला आधी पांढरा हात देतात. मग अंगाचा रंग, अंगरखा, पागोटे. डोळे आणि मिशा शेवटी. परदेशात टेबलावरच्या युद्धखेळासाठी बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवतात, तेही जवळपास याच क्रमाने: अस्तर, सपाट रंग, चुण्यांत पातळ काळसर रंग, उंचवट्यांवर उजळ छटा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम मांडले. फरक एवढाच, की तिथले हौशी रंगारी गणवेशाच्या पट्टीचा रंगही जुन्या नोंदींत शोधतात.

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या पूर्वेला असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंद्यांच्या कवायती पलटणी वेलस्लीच्या फौजेशी लढल्या. इंग्रजांकडचे सुमारे १,६०० जण मेले किंवा जखमी झाले. ही लढाई परदेशी खेळाडू पटावर मांडतात. त्यात शिंद्यांचा शिपाई संगीन लावून रांगेत उभा असतो. आपल्या किल्ल्यांवर तो सहसा दिसत नाही. ढाल-तलवारीचा डोंगरी मावळा आपला. मग सपाट रानात तोफांपाशी पडलेला हा शिपाई कोणाचा? त्याचा साचा करायचा, तर कुंभाराकडे जाण्याआधी त्याच्या अंगरख्याचा रंग कागदपत्रांत शोधावा लागेल. ते काम आपलेच आहे.