तुपाची शाई

गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा सोवळी मंडळी छापील कागदाला शिवेनात. शाईत चरबी असते, ही त्यांची शंका! गणपतरावांनी वाद घातला नाही. शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. शाईचा विटाळ फिटला. प्रश्न मात्र उरलाच. हातच्या पंचांगातली चूक एका घराची तिथी चुकवी. छापील चूक शेकडो घरांची चुकवू लागली.

आज पंचांग मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. तेथे शाई नाही, तुपाचीही गरज नाही. पण बोटाच्या एका स्पर्शासरशी खोटी वार्ता हजारो घरी पोचते. म्हणून वाचकहो, सोवळे पाळायचेच तर ते यंत्राचे नव्हे, मजकुराचे पाळावे.