इंजिन जुने, की घाई जास्त?

श्रीमंतांनी हौसेसाठी बांधून घेतलेल्या मोठ्या बोटींना यॉट म्हणतात. इंजिनावर चालणारी ती मोटर यॉट. अशा जुन्या यॉटबद्दल एक समज पक्का असतो. तिचे डिझेल इंजिन जुने, म्हणजे ते भरमसाट तेल पिणार. हा समज कितपत खरा आहे, हे इतिहास आणि थोडे गणित यांच्या आधारे आपण तपासून पाहू. वर्गात ऊर्जा आणि कार्यक्षमता शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडते.

आधी मोजायचे कशात, हे ठरवू. बोट ताशी किती लिटर तेल जाळते, एवढ्यावरून इंजिनाची परीक्षा होत नाही. मोठी बोट जास्त जाळणारच. म्हणून एक किलोवॅट-तास काम मिळवण्यासाठी किती ग्रॅम तेल लागले, हे पाहायचे. एक किलोवॅट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल. एक किलो डिझेल जळाले की सुमारे ४२.७ मेगाज्यूल उष्णता मिळते. या दोन आकड्यांवरून कोणत्याही इंजिनाची कार्यक्षमता काढता येते.

रुडॉल्फ डिझेल (जन्म १८५८, पॅरिस) याने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्याची कल्पना अशी होती: सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, की ती तापून लाल होण्याइतकी गरम व्हावी. मग तिच्यात इंधन सोडायचे. ठिणगीची गरजच नाही. ऑग्सबर्गच्या कारखान्यात चार वर्षे खटपट केल्यानंतर, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मॉरिट्झ श्रोटर यांनी या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. एका किलोवॅट-तासाला सुमारे ३२४ ग्रॅम तेल लागले. कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. त्या काळची चांगली वाफेची इंजिने साधारण १० ते १५ टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे पहिल्याच यशस्वी चाचणीत डिझेलने वाफेला खूप मागे टाकले.

पाण्यावर हे इंजिन लवकरच आले. १९०३ मध्ये रशियात ‘वांदाल’ ही तेलवाहू नौका डिझेल इंजिनांवर वीज तयार करून चालू लागली. १९१२ मध्ये कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वाइन या कारखान्याने बांधलेले ‘सेलांदिया’ हे मालवाहू जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीला निघाले. त्याला धुराडे नव्हते. इंजिनांचा धूर डोलकाठीतून सोडलेला होता. दुसऱ्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या वाफेच्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. आपल्या इंजिनाने समुद्र जिंकलेला त्याला पाहायला मिळाला नाही.

यॉटच्या मालकांना डिझेल का आवडले? इंधनाची बचत हे एक कारण होतेच, पण ते एकटे नव्हते. वाफेच्या यॉटवर बॉयलर, कोळशाच्या कोठ्या, कोळसा लोटणारे फायरमन आणि पांढऱ्या डेकवर पडणारी काजळी हे सगळे सांभाळावे लागे. निघायच्या कितीतरी आधी वाफ तयार करावी लागे. डिझेलने जागा मोकळी केली आणि माणसे कमी केली. १९२०च्या दशकाअखेर जर्मनीतल्या कील येथील क्रुपच्या गोदीत अमेरिकन धनिकांसाठी अशा अनेक यॉट बांधल्या गेल्या. त्यांतली १९२९ ची ‘हायडा’ सुमारे ७१ मीटर लांब आहे. तिची मूळ क्रुप डिझेल इंजिने एकविसाव्या शतकातही जपली गेली. हे यंत्र किती दणकट होते, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

मग सुरुवातीची डिझेल इंजिने तेल जास्त का घेत? पहिले कारण हवेचे होते. त्या काळी तेल सिलिंडरमध्ये फवारण्यासाठी जोरदार दाबाची हवा वापरत. ती दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चाले आणि त्याच्या शक्तीचा बराचसा भाग खाऊन टाकी. १९२०च्या दशकात नुसत्या पंपाच्या दाबाने तेल फवारण्याची रीत रुळली आणि हा खर्च वाचला. दुसरी सुधारणा स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. धुराबरोबर फुकट जाणाऱ्या ऊर्जेवर एक चाक फिरवायचे आणि त्याने सिलिंडरमध्ये जास्त हवा भरायची. या टर्बोचार्जरचे पेटंट १९०५ चे, पण यश यायला वीस वर्षे लागली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती या युक्तीने १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली.

आता हिशेब करू. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या यॉटचे इंजिन किलोवॅट-तासाला सुमारे २४० ग्रॅम तेल घेते असे धरू. कार्यक्षमता येते ३५ टक्के. आजचे त्याच कामाचे इंजिन सुमारे २०५ ग्रॅम घेते, म्हणजे ४१ टक्के. फरक आहे, पण तो १५ टक्क्यांच्या आसपास. ‘भरमसाट’ म्हणावे असा तो नाही.

खरी उधळपट्टी पाण्यात होते. बोट पुढे जाताना पाणी बाजूला सारते आणि लाटा उठवते. विल्यम फ्राउड याने १८७२ पासून टॉर्की येथील हौदात छोट्या प्रतिकृती ओढून या रोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. ढोबळमानाने, लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा एक यॉट १२ नॉट वेगाला ६०० किलोवॅट घेते. जुन्या इंजिनावर ताशी १४४ किलो तेल, म्हणजे सागरी मैलाला १२ किलो. इंजिन बदलले, तर मैलाला सुमारे १०.३ किलो. आता इंजिन तेच ठेवून वेग १० नॉट करू. शक्ती उतरते ३४७ किलोवॅटवर. कमी भारावर इंजिन थोडे जास्त तेल घेते, म्हणून २५० ग्रॅम धरू. तरी मैलाला ८.७ किलोच पडतात! बचत पाव भागाहून अधिक, आणि शंभर मैलांना वेळ जास्त लागतो तो फक्त १ तास ४० मिनिटे.

वेग आणखी वाढवला तर काय होते? बोटीने उठवलेल्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाने वाढते. ४० मीटर लांबीच्या बोटीची लाट १५.४ नॉटला बोटीएवढी होते. त्यापुढे बोट जणू स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते आणि तेलाचा खर्च घनाच्या नियमालाही मागे टाकतो.

जुन्या इंजिनाची बाजू घ्यायची म्हणून त्याचे दोष झाकायला नकोत. त्याचा धूर काळा असतो, झिजलेल्या इंजेक्टरमुळे तेल अर्धवट जळते, आणि प्रदूषण नव्या इंजिनापेक्षा जास्त होते. पण ‘किती तेल लागते’ या प्रश्नाचे उत्तर नुसत्या इंजिनाच्या वयात नसते. विद्यार्थ्यांना वरचा हिशेब ८ आणि १४ नॉटसाठी करायला सांगावे. यंत्र बदलण्याआधी वापर बदलून पाहावा, हे त्यांना उपदेशाशिवाय कळेल.