इंग्रजी कादंबरीतील भारतीय स्त्री : तिचा आवाज आणि तिचे काम



कामगार चळवळीतल्या माणसाने इंग्रजी कादंबरीवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमची शाळा अर्ध्यावर सुटली. इंग्रजी आम्ही नोटिसा व करारनामे वाचता वाचता, शब्दकोश हाताशी ठेवून शिकलो. पुढे त्याच आधाराने या कादंबऱ्या वाचल्या. तेव्हा पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. आमचा प्रश्न साधा आहे : या कादंबऱ्यांतील बाई स्वतः केव्हा बोलू लागली, आणि तिचे बोलणे कोठवर पोहोचले?

प्रारंभ बंकिमचंद्रांपासून करावा लागतो. १८६४ साली त्यांची 'राजमोहन्स वाइफ' ही इंग्रजी कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. आपला नवरा दरोडेखोरांना सामील आहे व दरोडा बहिणीच्याच घरावर पडणार आहे, हे कळताच तिची नायिका मातंगिनी रात्री एकटी घराबाहेर पडते आणि त्यांना सावध करते. केवढे हे धैर्य! परंतु अखेरीस लेखक तिला माहेरी धाडतो व अकाली मृत्यू देतो. पुस्तकाच्या नावातही ती कोणाची तरी बायकोच आहे.

पुढची बाई आपल्याकडची. कृपाबाई सत्यनाधन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरास, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात झाला. मद्रासेस त्या वैद्यकी शिकू लागल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. त्यांची 'सगुणा' १८८७-८८ मध्ये मद्रासच्या एका कॉलेजच्या मासिकातून आली. यात मुलगी स्वतःच 'मी' म्हणून बोलते. तिला पुस्तके हवीत, शिक्षण हवे. १८९४ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई वारल्या. सगुणेला आवाज मिळाला, पण तो शिकलेल्या घरातला होता.

शेतकरणीचा आवाज ऐकू येण्यास १९५४ साल उजाडावे लागले. कमला मार्कंडेय यांच्या 'नेक्टर इन अ सीव्ह' या कादंबरीत रुक्मिणी आपली कहाणी स्वतः सांगते. गावात चामड्याचा कारखाना येतो. तिचे दोन मुलगे तेथे मजुरीवाढ मागतात, काम गमावतात व सिलोनच्या मळ्यांवर जातात. तिसरा त्या कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या हातून मरतो. नंतर माणसे येतात ती भरपाई मागू नका, हे बजावायला. उपासमारीत धाकटा भाऊ जगावा म्हणून मुलगी इरा स्वतःला विकते. संपाविषयी आम्ही पुष्कळ वाचले होते. पण संप फसल्यावर घरातल्या बाईवर काय कोसळते, हे या पुस्तकाने आम्हांस दाखविले.

आता १९८८ सालाकडे येऊ. शशी देशपांडे यांच्या 'दॅट लाँग सायलेन्स'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दादरच्या घरात बसलेली जया संसाराचा हिशोब मांडते. लग्नात तिचे नावसुद्धा बदलून सुहासिनी केलेले असते. लिहिणारी बाई नवऱ्याला रुचेल तेवढेच लिहीत राहिली आणि गप्प झाली, हे तिला उमगते. तिच्याकडे भांडी घासणारी जीजा मात्र दारुड्या नवऱ्याचा संसार ओढीत मुकाट काम करते. जया निदान आपले मौन ओळखते. जीजेचे मौन कोणी फोडावे?

येथे आम्हांस आमची चूक सांगणे भाग आहे. आमच्या युनियनच्या सभा संध्याकाळी भरत. बायांची नावे वर्गणीच्या पावतीपुस्तकात असत, पण सभेला त्या क्वचितच दिसत. 'बायकांना चळवळीचे गांभीर्य नाही,' असे आम्ही व्यासपीठावरून म्हणत असू. त्या वेळी त्या घरी भाकऱ्या थापीत होत्या. आमच्या घरीही कोणी तरी थापीत होते, म्हणूनच आम्ही व्यासपीठावर होतो. पुढे आम्ही बायांची सभा दुपारच्या सुटीत घेऊ लागलो. पहिल्याच सभेत पगाराच्या आधी मागणी आली ती संडासाची. इतक्या वर्षांत ती आमच्या एकाही मागणीपत्रात नव्हती.

घरकामगारांच्या कल्याणकारी मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. जयाच्या कादंबरीनंतर वीस वर्षांनी. कादंबरीने कायदा होतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जिच्याविषयी लिहिले ती बाई बहुधा हे इंग्रजी पुस्तक वाचू शकत नाही. म्हणून वाचणाऱ्यांवर जबाबदारी येते. ती कथा तिला तिच्या भाषेत सांगावी, आणि मग गप्प बसून तिचे ऐकावे.